बार्शी लाईटची प्रतिकृती खेळण्यांत का मोजता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझा जन्म कुर्डुवाडीचा. वडील तिथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. बार्शी लाईट या आमच्या भागातल्या जुन्या नॅरोगेज रेल्वेची इंजिनं आणि डबे दुरुस्तीला तिथंच येत. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या कपड्यांना तेलाचा आणि कोळशाचा वास यायचा, आणि आम्हा भावंडांना तो आवडायचा. पुढं मी आयटीआय करून पिंपरी-चिंचवडला आलो. 1977 पासून 2014 पर्यंत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये डाय आणि जिग, म्हणजे साचे आणि काम पकडून ठेवायची साधनं, बनवली. निवृत्तीनंतर घरच्या गॅरेजमध्ये एक छोटं लेथ मांडलं. गेली आठ वर्षं पत्नी, भाची आणि मी मिळून बार्शी लाईटच्या डब्यांच्या छोट्या प्रतिकृतींचे, घरी जोडायचे सुटे संच बनवून विकतो. प्रमाण 1:87. म्हणजे खऱ्या डब्याचे सत्त्याऐंशी मिलिमीटर आमच्या डब्यात एक मिलिमीटर होतात.

हे पत्र लिहायचं निमित्त असं. मार्च महिन्यात एका मोठ्या ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळानं आमचे संच काढून टाकले. कारण दिलं की वस्तू 'खेळणी' या प्रकारात येते आणि तिच्यावर आयएसआय चिन्ह नाही. फोन केले, मेल पाठवले, डब्यांचे फोटो दिले, खोक्यावर छापलेली '14 वर्षांवरील संग्राहकांसाठी' ही ओळ दाखवली. प्रत्येक वेळी तेच उत्तर आलं. त्या आठवड्यात एकवीस संच बांधून तयार होते. ते आजही आमच्या कपाटात आहेत.

खेळण्यांच्या गुणवत्तेच्या नियमाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. केंद्र सरकारनं 2020 मध्ये खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्हाशिवाय खेळणी विकायला बंदी आली. दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडात जाणाऱ्या गाडीचा रंग विषारी नसावा, चाक निघून घशात अडकू नये, याची तपासणी झालीच पाहिजे. मलाही नातवंडं आहेत. पण त्याच आदेशात खेळणं कशाला म्हणायचं तेही लिहिलेलं आहे: 14 वर्षांखालील मुलांनी खेळावं म्हणून केलेली वस्तू. आमच्या एका डब्यात 64 सुटे भाग असतात. त्यातली दाराची दांडी 0.4 मिलिमीटर जाडीच्या पितळी तारेची असते आणि ती चिमट्यानं धरून लावावी लागते. हा डबा लहान मुलाच्या हाती द्यायचाच नसतो. तो आम्ही मुलांसाठी केलेलाच नाही.

गोंधळाचं मूळ मला आयात-निर्यातीच्या सीमाशुल्काच्या वर्गवारीत दिसतं. 9503 या एकाच शीर्षकाखाली बाहुल्या, तीनचाकी सायकली, कोडी आणि प्रमाणात लहान केलेल्या प्रतिकृती असं सगळं एकत्र बसवलं आहे. ही वर्गवारी जगभर तशीच आहे. पण युरोपीय संघानं 2009 च्या खेळणी-सुरक्षा निर्देशात, खेळणी न मानायच्या वस्तूंची यादी जोडताना, संग्राहकांसाठीच्या वस्तू स्पष्टपणे वेगळ्या काढल्या आणि उदाहरण म्हणून तपशीलवार, हुबेहूब प्रतिकृतींचंच नाव दिलं. अट एवढीच की वस्तूवर किंवा वेष्टनावर '14 वर्षं आणि पुढच्या संग्राहकांसाठी' असं ठळक लिहिलेलं असावं. आपल्याकडे असं एक साधं परिपत्रक निघालं तर संकेतस्थळवाल्यांना कळेल, टपालवाल्यांना कळेल आणि आमच्यासारख्यांना दर वेळी दार ठोठवावं लागणार नाही.

आता मुद्दा असा की दोन-तीन माणसांच्या गॅरेजसाठी सरकारनं परिपत्रक का काढावं? म्हणून आम्ही काय करतो ते थोडं सविस्तर सांगू द्या.

छोट्या रेल्वेचं सगळ्यात चालणारं प्रमाण म्हणजे एचओ. एक फुटाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे तेच 1:87. तिचे रूळ 16.5 मिलिमीटर अंतराचे असतात. हे आकडे युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटरच्या रुळांवरून आले. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची. ती 87 नं भागली की 19.26 येते. म्हणजे दुकानात मिळणाऱ्या रुळांवर आपली डेक्कन क्वीन ठेवली की ती जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर अरुंद पायांवर उभी राहते. बघणाऱ्याला ते लगेच जाणवतं. म्हणूनच आपल्या गाड्या बनवणारे बहुतेक जण डब्याचा सांगाडा अचूक करतात आणि चाकांपाशी तडजोड करतात. जाता जाता सांगतो, पुणे मेट्रो 1435 मिलिमीटरवर धावते, त्यामुळं तिची प्रतिकृती मात्र या रुळांवर तंतोतंत बसेल. कोणीतरी तरुणानं ती करावी.

बार्शी लाईट 762 मिलिमीटरची, म्हणजे अडीच फुटांची. 762 भागिले 87 म्हणजे 8.76. आणि एन या आणखी छोट्या प्रमाणाचे रूळ 9 मिलिमीटरचे, ते जगात कुठंही मिळतात. हा हिशेब मी 2015 साली एका रात्री वहीत केला आणि मला झोप लागली नाही. पाव मिलिमीटरचा फरक! टूलरूममध्ये पाव मिलिमीटर म्हणजे डोंगर, पण इथं तो डोळ्याला दिसत नाही. आपल्या गावची गाडी, जी आता रुळांवर कुठंच उरलेली नाही, ती खऱ्या प्रमाणात, खऱ्या गेजवर चालू शकते हे मला तेव्हा कळलं.

बार्शी लाईट म्हणजे काय होतं, हे नव्या पिढीला सांगायला हवं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्यानं ती 1897 मध्ये सुरू केली, बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत. त्याचा आग्रह होता की गाडीतल्या कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येता कामा नये, मग रूळ हलके, यार्डाला तीस पौंडांचेच, चालतील आणि खर्च वाचेल. सुरुवातीची इंजिनं इंग्लंडमधल्या लीड्सच्या किटसन कंपनीची. पुढं रूळ एकीकडे लातूरला, दुसरीकडे पंढरपूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचले. 1954 मध्ये सरकारनं ही रेल्वे विकत घेतली. हाच कॅलथ्रॉप पुढं विमानातून उडी मारण्याच्या पॅराशूटवर काम करत बसला. हलकेपणाचं त्याचं वेड तिथंही दिसतं. या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. गाड्या जलद झाल्या, लोकांची सोय झाली, ते चांगलंच झालं. पण आषाढीला ज्या डब्यांत माझी आजी तुळस डोक्यावर घेऊन चढायची, त्या डब्यांची लांबी किती, खिडक्या किती, बाकं कशी, हे आज विचारायचं कोणाला?

म्हणून आमच्या कामातला सगळ्यात मोठा भाग बनवण्याचा नसतो, मापं शोधण्याचा असतो. एका डब्यासाठी मी चौदा महिने मापं गोळा केली. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे. तिथं परवानगी घेऊन दोन दिवस टेप आणि व्हर्नियर घेऊन बोगीखाली झोपलो. वडिलांच्या पेटीत एक घडी पडलेली, कडा उंदरानं खाल्लेली निळी प्रत (ब्लूप्रिंट) सापडली, तिच्यावर स्प्रिंगांची मापं होती. बाकीचं माणसांकडून. बार्शीचे एक निवृत्त तिकीट तपासनीस आमच्या घरी आले. मी विचारलं, "काका, दाराची दांडी किती उंचीवर होती?" ते उठले, दारापाशी उभे राहिले आणि हात वर करून म्हणाले, "फलाट कुठला, जमिनीवरूनच चढायचो. दांडीचं खालचं टोक असं छातीला यायचं." मी तिथंच टेप लावली. चार फूट तीन इंच. आमच्या डब्यात ती पंधरा मिलिमीटरवर आहे. नंतर एका जुन्या लग्नाच्या वऱ्हाडाच्या फोटोत दार दिसलं, त्यात माणसाच्या उंचीवरून हिशेब केला, तर माप जुळलं. काका ते बघायला राहिले नाहीत.

बनवण्याची रीत सांगतो. भाची संगणकावर डब्याचं चित्र करते आणि थ्रीडी प्रिंटरवर पहिला नमुना काढते. प्रिंटरच्या थरांच्या रेषा मी बारीक पॉलिश पेपरनं घालवतो, रिव्हेटची टिकली एकेक करून बसवतो. मग त्या नमुन्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा करतो आणि साच्यात पॉलियुरेथेन रेझिन. एका साच्यातून पंचवीसेक नग चांगले निघतात, मग रबर फाटायला लागतं आणि पुन्हा नवा साचा. रेझिनचं आणि पावसाळ्याचं मात्र हाडवैर आहे. त्यातल्या एका घटकाला ओलावा लागला की वायू तयार होतो आणि ओतीव भागाला आतून फेस येतो, इडलीसारखा. पहिल्या वर्षी जुलै-ऑगस्टमधले निम्म्याहून जास्त नग मी फेकून दिले. आता जून लागायच्या आत ओतकाम उरकतो आणि पावसाळ्यात फक्त पितळेचं काम करतो. बोगीच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या, बाजू, पायऱ्या, खिडक्यांच्या चौकटी या 0.3 मिलिमीटरच्या पितळी पत्र्यातून रसायनानं कोरून घेतो. हे काम नावाच्या पाट्या बनवणाऱ्या एका कारागिराकडं होतं. दरवाजावरच्या पाट्या कोरायच्या पद्धतीनंच तो आमच्या पायऱ्या कोरतो, घडी घालायच्या रेषा अर्ध्या खोलीपर्यंत. रंग आणि अक्षरं पत्नीची. तिचा हात माझ्याहून स्थिर आहे, हे मी सदतीस वर्षं टूलरूममध्ये काढूनही मान्य करतो.

चालवायचं यंत्र हीच खरी अडचण. जगभरातले छोटे उत्पादक करतात तेच आम्ही करतो. जपानच्या काटो कंपनीसारख्या मोठ्या उत्पादकाची एन प्रमाणाची चालती चेसिस, म्हणजे मोटर आणि चाकांसकट खालचा सांगाडा, घ्यायची आणि तिच्यावर आपलं अंग बसवायचं. त्यांची चेसिस मऊ चालते, मुंगीसारखी हळू सुटते. पण खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 झालं आणि 2023 मध्ये 70. आमचं पार्सल खेळणी म्हणूनच मोजलं जातं, मग चेसिसची किंमत आमच्या सगळ्या संचापेक्षा जास्त होते. शिवाय तिकडं त्या चेसिसचं उत्पादन थांबलं की इकडं आमचा संच बंद. देशी खेळणी उद्योग वाचावा म्हणून हे शुल्क आहे, हे मला कळतं, आणि त्याचा काहींना फायदाही झाला असेल. पण 9 मिलिमीटरच्या रुळांवर चालणारं यंत्र देशात कोणी बनवत असेल तर मला त्याचा पत्ता द्या, मी उद्या सकाळी त्याच्या दारात उभा राहीन.

म्हणून आम्ही स्वतःच बनवायला घेतलं. पुण्यातल्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक बाजारातून आणलेल्या छोट्या गिअरवाल्या मोटरी पहिल्यांदा वापरल्या. त्या चालतात, पण आवाज पिठाच्या गिरणीसारखा. आता कोअरलेस मोटर (आत लोखंडी गाभा नसलेली), पितळी वर्म (स्क्रूसारखा गिअर) आणि डेलरिन या कडक प्लास्टिकचे गिअर असं जुळवतो आहे. मॉड्यूल 0.4 चे, म्हणजे अगदी बारीक दातांचे, गिअर भोसरीतल्या एका छोट्या शेडमध्ये कापून मिळाले. त्यांचं रोजचं काम मीटरच्या गिअरचं, हजारांच्या संख्येत. माझी ऑर्डर दोनशे नगांची. मालकांनी विचारलं, कशाला हवेत? मी खिशातून डबा काढून टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "माझं आजोळ लातूरचं." दुपारच्या सुट्टीत मशीन माझ्यासाठी लावलं. पिंपरी, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात लेथ आहे, वायर कट आहे, गिअर हॉबिंग आहे, प्लेटिंग आहे, आणि दोनशे नगांचं काम मनापासून करणारी माणसंही आहेत. दोन-तीनशे नगांचा धंदा मोठ्या कंपनीला परवडत नाही. प्लास्टिकच्या भागांसाठी पोलादी साचा करायचा तर लाखो रुपये लागतात आणि ते वसूल व्हायला हजारो नग विकावे लागतात. बार्शी लाईटचे हजारो नग कोण घेणार? म्हणून हे काम नेहमी छोट्या माणसांनीच केलेलं आहे. इंग्लंडमध्ये आज रुळांसाठी नावाजलेली पेको कंपनी 1946 मध्ये एका माणसाच्या अशाच छोट्या उद्योगातून उभी राहिली. आणि आपल्या पुण्यात भाऊ जोशींनी हयातभर हाताखालून काढलेल्या कामातून 1998 मध्ये कोथरूडला छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिथल्या सिग्नलपुढं अर्धा तास उभा होतो.

आठ वर्षांत आम्ही एकशे साठच्या आसपास संच विकले. डब्याची किंमत 3,200 रुपये. त्यात माझी मजुरी धरत नाही, पत्नीची आणि भाचीची धरतो. घेणारे मुंबई, बेंगळुरू, चेन्नईचे. मेलबर्नच्या एका मराठी कुटुंबानं चार डबे नेले, त्यांचे आजोबा याच मार्गावर स्टेशनमास्तर होते. त्यांनी पैशांबरोबर आजोबांचा गणवेशातला एक फोटो पाठवला. त्या फोटोत मागं डब्याच्या छताची कड दिसते. आमच्या डब्याचं छत त्या कडेपेक्षा किंचित जास्त गोल झालेलं आहे असं मला त्यात दिसलं. पुढच्या साच्यात ते सुधारलं. आधी विकलेल्यांपैकी ज्यांचे पत्ते होते त्यांना नवीन छत फुकट पाठवलं.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी की हा डबा म्हणजे एका गेलेल्या रेल्वेचं मोजमाप आहे. कागद उंदरांनी खाल्ले, डबे भंगारात गेले, माणसं जात आहेत. मापं घेऊन, तपासून, चुका सुधारून ती जपणारे आम्हीच मोजके लोक आहोत. मुंबईत 1500 व्होल्टच्या डीसी काळातली, 'खेकडा' या टोपणनावाची विजेची इंजिनं छोट्या प्रमाणात बनवणारे आहेत, माथेरानच्या गाडीवर काम करणारे आहेत. सगळ्यांच्या तक्रारी सारख्याच आहेत. खेळणी म्हणून प्रत्येक प्रतिकृतीची वेगळी तपासणी करून चिन्ह घ्यायचं तर आम्हाला ते कधीच जमणार नाही. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्या आदेशातून सूट आहे, पण लेथ आणि प्रिंटर वापरणाऱ्याला त्या नोंदणीत जागा नाही, असं मला तोंडी सांगण्यात आलं. मग आमच्यासारख्यांनी जायचं कुठं?

म्हणून सरकारला विनंती की 14 वर्षांवरील संग्राहकांसाठी असं ठळक लिहिलेल्या, प्रमाणबद्ध प्रतिकृती खेळण्यांच्या आदेशाबाहेर आहेत असं लेखी जाहीर करावं, आणि त्यांना लागणारी यंत्रं देशात होईपर्यंत त्यांवरचं शुल्क खेळण्यांहून वेगळं ठेवावं. आपल्या दैनिकानं हा विषय संबंधितांपर्यंत न्यावा.

दुसरी विनंती वाचकांना. सोलापूर, धाराशिव, लातूर, सांगली भागात ज्यांच्या घरी कोणी बार्शी लाईटवर काम केलं असेल, त्यांनी जुन्या पेट्या एकदा उघडून बघाव्यात. वेळापत्रकं, बिल्ले, निळ्या प्रती, सहलीचे फोटो, काहीही चालेल, मूळ वस्तू नको, मोबाइलवर काढलेला फोटो पुरे. आम्ही आता गार्डाच्या डब्यावर काम सुरू केलं आहे. बाहेरची सगळी मापं मिळाली. आतली मांडणी हवी आहे: हातब्रेकचं चाक दाराच्या डाव्या हाताला होतं की उजव्या, गार्डाची बैठक कुठं, आणि डब्याच्या पेटीत दिवे ठेवायला कप्पा होता का. हे डबे आतून पाहिलेली माणसं अजून हयात आहेत. त्यांनी संपादकांच्या मार्फत कळवलं तर मी टेप घेऊन घरी येईन.

आपला,
एक निवृत्त टूलमेकर,
चिंचवड, पुणे